मोठ्यानं वाचा

उस्ताद, सप्रेम नमस्कार.

तुम्हा ज्यू दुकानदारांना दुकानदार संघातून काढायचा ठराव आज, तुम्हाला न बोलावता भरवलेल्या सभेत आला. चिटणीस तोंडातल्या तोंडात वाचत होता. शिवण शिकवताना तुम्ही म्हणायचात, "खोटा टाका उजेडात धर, आपोआप दिसतो." मी कानामागे हात धरला.

"ऐकू येत नाही हो, मोठ्यानं!"

"तुमचे कान तर मांजराचे!" अध्यक्ष वैतागले.

"आज दडे बसलेत."

तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा ‘ज्यू’ म्हणताना चिटणिसाची मानच खाली गेली. मतदानात ठरावाच्या बाजूनं दोनच हात वर झाले. हुश्श! जीव भांड्यात पडला.

पत्र मात्र टाकत नाही. ठरावाचा कागद सभेआधी आठवडाभर माझ्या खिशात होता. रोज तुमच्या दुकानात बसून हसलो, पण चकार शब्द काढला नाही.

तुमच्या हाताखाली घडलेला,
कोपऱ्यावरचा शिंपी