घंटाघर घुमटाच्या डावीकडे

१९ फेब्रुवारी, सोमवार दुपार

प्रिय बाईसाहेब,

बायकोला नमस्कार लिहावा तर हसशील, आशीर्वाद लिहावा तर चार शब्द सुनावशील. तेव्हा दोन्ही राहू दे. मी खुशाल आहे. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो. एकदा चुकली, पण ते तुला कळलंच असतं, म्हणून आधीच सांगतो.

शहर म्हणशील तर अफलातून. डोंगराच्या अंगावर घरं अशी चढवलीत, की एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या कौलांवर पाय टाकावा. सपाट जागा औषधाला नाही. लॉजवाला पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, इथे देखावा फुकट, गुडघे मात्र ज्याचे त्याने आणायचे." जुन्या बुरुजावरून सूर्योदय पाहिला. पायऱ्यांच्या चौकातून नदीचं वळण पाहिलं. पाण्याच्या टाकीमागे एक कट्टा आहे, तिथे तर फोटो काढायला रांग लागते. मीही रांगेत उभा राहिलो. पण खरं सांगू? मी सगळीकडे एवढंच बघत होतो, की घंटाघर घुमटाच्या कुठल्या बाजूला दिसतंय.

आता म्हणशील, म्हातारपणी हे काय खूळ. अगं, फोनवर तिचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, म्हणून हा कागद. फाडू नकोस. आपल्या ठकूबद्दल आहे.

तिने ठरलेलं लग्न मोडलं आणि नोकरी धरून इकडे निघून आली, तेव्हापासून तू तिच्याशी बोलत नाहीस. मी बोलायचो, तुझ्या चोरून. गेल्या महिन्यात तिने एक फोटो पाठवला. त्यात ती नाही, नुसता देखावा. खाली लिहिलेलं, "बाबा, माझ्या खिडकीतून असं दिसतं. मी मजेत आहे." त्यानंतर फोन बंद. मजेत असलेलं माणूस कधी असं लिहून कळवतं का? तुला म्हणालो, जरा डोंगर बघून येतो. तू म्हणालीस, स्वेटर घ्या.

इथे तिच्या जुन्या खोलीवर गेलो. घरमालकीण म्हणाली, ती तर कधीच सोडून गेली, कुठे ते ठाऊक नाही. मग उरला फोटो. जन्मभर जमिनी मोजल्या, एवढं तर येणारच. फोटोत घंटाघराचा कळस घुमटाला डावीकडून अगदी चिकटलेला, आणि बुरुजाचं टोक बरोबर पुलाच्या मधल्या खांबावर. नकाशावर दोन रेघा ओढल्या, एक घंटाघर-घुमटातून, दुसरी बुरूज-खांबातून. जिथे छेदतात, तिथे तिची खिडकी.

रेघा पहिल्याच दिवशी छेदल्या. मोठ्या दवाखान्यावर.

मी काय केलं असेल? मोजणी चुकली म्हणालो. लोक कोर्टात माझ्या मोजणीची शपथ घ्यायचे, आणि मीच ती खोटी ठरवली. नकाशा जुना असेल, फोटो तिरका असेल, हात थरथरला असेल. मग बुरूज, चौक, टाकी, सगळी ठिकाणं पालथी घातली, कुठेतरी दुसरीकडे तेच दृश्य जुळावं म्हणून. मघाशी देखाव्यांचं एवढं कौतुक केलं ना, ते सगळं या पळापळीतलं. कुठेच जुळलं नाही, गं. दवाखान्याच्या फाटकावरून मी दोनदा मान खाली घालून गेलो. भ्यालो होतो मी.

काल सकाळी आत गेलो. तिसऱ्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड, शेवटचा पलंग. खिडकीत घंटाघर घुमटाच्या डावीकडे, चिकटून. आणि पलंगावर आपली ठकू. मनगट एवढंसं झालंय. मला बघून म्हणाली, "कसं शोधलंत?" मी म्हटलं, "तुझा बाप मोजणीदार आहे." हसली, आणि मग दोघांनाही रडू आवरेना.

पोटात गाठ आहे. ताप उतरत नाही, तो उतरला तर शुक्रवारी ऑपरेशन. डॉक्टर चांगला आहे, पण खोटा धीर देत नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "घरच्यांना बोलावून घ्या."

ठकू म्हणते, "आईला कळवू नका. ती येणार नाही, आणि आली नाही तर मला सोसवणार नाही." अगदी तुझ्याच वळणावर गेलीय, मोडेल पण वाकणार नाही. तुम्हा दोघींच्या मधे मी आजवर गप्प बसलो. आज नाही बसत.

हे पत्र आणणारा ट्रकवाला लॉजवाल्याचा मेहुणा आहे. भला माणूस. आज रात्री आपल्या बाजारात माल उतरवून उद्या सकाळी इकडेच परत निघेल. त्याला सांगून ठेवलंय, एक बाई येतील म्हणून. येतील की नाही, असं तो विचारत होता. मी त्याला आपल्या घराचा पत्ता लिहून दिला.

तुझा राग खरा असेल, मी तो मोजायला जात नाही. पण एवढं ऐक. काल तापात ती "आई, आई" करत होती. मी हात धरून ओ दिली. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "तुम्हाला नाही, बाबा."

रागावून ये, भांडायला ये, तोंड फिरवून बस हवं तर. पण ये.

तुझा,
ठकूचा बाप