‘मा.’ म्हणजे काय

६ जुलै, अष्टमी
काल पुण्याहून घरी, आमच्या अष्टमी गावात. आई रिटायर्ड शिक्षिका, त्यामुळे तपासणी सुरूच. "तू नक्की शिकवतेस काय गो? कॉम्प्युटर की इकॉनॉमिक्स?" दोन्ही. "म्हणजे धड एकपण नाय." माझे दोन्ही विभाग, संगणक आणि अर्थशास्त्र, सहा वर्षं हेच म्हणतायत, फक्त इंग्रजीत.
कायमच्या जागेची मुलाखत २८ला. कंत्राट संपतंय. या वेळी नाही तर नाहीच. सगळी भिस्त पेणच्या रिसर्च पेपरवर. जर्नलने स्वीकारलाय, छापायचा बाकी.

९ जुलै, पेण
खांब गावापाशी एसटी तासभर अडकली. मनोहरकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात पोचले तर सूनबाई, म्हणजे वहिनी, चहा घेऊन दारातच. या माणसांनी मागे ऑर्डरच्या सगळ्या वह्या बिनबोभाट माझ्या हातात ठेवल्या. कोण देतं असं?
पेपर त्यावरच. गिऱ्हाईक घरचा पाट आणून ठेवतं, त्यावर मूर्ती द्यायची. कुणाला कुठली दिली तर जास्तीत जास्त घरं खूश, ते गणिताने काढायचं. किंमत मध्ये न आणता. काका म्हणाले, "हाय त्याच्यावर खूशच हायत की लोक." हसले मी.

११ जुलै, पेण
घात झाला.
वडखळकडच्या एक मावशी पाट ठेवून निघाल्या. वहिनीने नाव लिहिलं, पुढे ‘मा.’ हा ‘मा.’ वह्यांत जागोजाग. मी सहज म्हटलं, "या पण मागाहून सांगणार ना?"
वहिनी: "मागाहून कसला? मागच्यासारखी! अगो, एवढी शिकलीस ना तू?"
मी या सगळ्यांना ‘पसंती नाही’ धरून रांगेत शेवटी टाकलंय. उरेल ती मूर्ती त्यांना. तेच तर सगळ्यात हट्टी. पेपर पार उलटा.
काकांना विचारलं, मागची कशी होती ते लक्षात कसं राहतं? "तुला आईचा चेहरा आठवायला वही लागते काय?"

१२ जुलै
झोप नाही. कुणाला कळणार? तपासणाऱ्यांनी पेणची वही जन्मात बघितली नसेल. २८ होऊन जाऊ दे, मग दुरुस्ती...
असा विचार केला. दोनदा केला. लिहून ठेवते.

१४ जुलै, अष्टमी
सरांना फोन. माझे पीएच.डी.चे गाइड, आता घरी असतात. सगळं ऐकून म्हणाले, "छापायच्या आत कळलं, नशीब समज. कळवून टाक. शिव्या पडल्या तर माझं नाव सांग." देव माणूस.
संपादकांना मेल. पेपर मागे. मुलाखत समितीलाही. नंतर स्वयंपाकघरात ढसाढसा रडले. आई म्हणाली, "रड, पण घावणे गरम हायत तवर खा." चार खाल्ले.

१९ जुलै, पेण
ऐन हंगामात वहिनीने दोन दिवस माझ्याजवळ बसून वह्या वाचून दाखवल्या. हाताला रंग, तोंडाने घर न् घर पाठ. कुणाला डोळे मोठे, कुणाला उंदीर उजवीकडेच. हे ऋण मानावं तेवढं थोडं.
पुन्हा गणित मांडलं. जुन्या घरांसाठी काकांची रीत माझ्या सूत्रापेक्षा सरस. सूत्र फक्त नवीन गिऱ्हाइकांना उपयोगी. एवढंसंच उरलं. पण खरं.

२८ जुलै, पुणे
आधी चूक सांगितली. अर्थ.च्या बाई: "मग तुमच्या हातात राहिलं काय?" मी म्हटलं, गप्प बसलेल्या माणसाला पसंती नाही असं मी धरलं. आपल्या दोन्ही विषयांत सर्रास धरतात. आता त्यावरच काम करायचंय, जागा मिळाली तर इथे.
सं.चे प्रमुख काहीतरी लिहीत राहिले. चेहऱ्यावरून पत्ता लागेना. निकाल महिन्याभरात.

३० जुलै, अष्टमी
आईला सगळं सांगितलं. सर, काका, वहिनी, सगळ्यांचं.
"म्हणजे नोकरी गेली काय गो?"
"माहीत नाय."
"मग एवढी खूश कशाला?"
काय सांगू तिला! सहा वर्षांत आज पहिल्यांदा तिला माझं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत कळलं. मधे एकदाही थांबवलं नाही.