शनिवार-रविवारची नेमबाजी

आई, मागच्या शनिवार-रविवारी मी नेमबाजी शिकायला गेलो होतो. चोपन्न वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरतात, वाचायला चष्मा लागतो, आणि खांद्याला रायफल लावून उभा आहे, हे तू पाहिलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. रायफल म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा उडवणारी. सिंगापुरात सामान्य माणसाच्या हाती याहून मोठं काही कोणी देत नाही, आणि हीसुद्धा रेंजच्या दाराबाहेर नेता येत नाही. मी या देशात राहतो हेच तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी बोटीवर नवखा इंजिनिअर होतो. निरोप मिळाला तेव्हा आम्ही भर समुद्रात होतो, आणि मी मिरजेला पोचलो तोवर तेराव्याची भांडी घासून ओट्यावर पालथी घातलेली होती. आता मी बोटीवर जात नाही. बंदरात बोटी येतात, मी त्यांच्या पोटात उतरून इंजिनं तपासतो, बोटीच्या चीफ इंजिनिअरशी कामाचं बोलतो आणि संध्याकाळी ईस्ट कोस्टजवळच्या आमच्या ब्लॉकमध्ये परत येतो. 'आमच्या' म्हणायची सवय राहिली आहे. फ्लॅटमध्ये मी एकटाच असतो.

जिला तू कधी पाहिलं नाहीस ती तुझी सून तिच्या वडिलांच्या आजारपणात पुण्याला गेली. ते गेले, त्यांचं वर्षश्राद्धही होऊन गेलं, ती अजून तिथेच आहे. लेक मेलबर्नला शिकते. दर आठवड्याला फोन करते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते आणि वाक्याच्या शेवटी इथल्या मुलांसारखा 'लाह' लावते. तिनेच परस्पर माझं नाव या शिबिरात घातलं. मी कुरकुर केली तर म्हणाली, बाबा, तुम्ही फक्त इंजिनांशी बोलता, दोन दिवस माणसांत जाऊन बसा. मी म्हटलं, माणसांत बसायला बंदूक कशाला हवी? त्यावर ती म्हणाली, "तुमची आई चालवायची ना? तुम्ही एकदा सांगितलं होतं. एकदाच." मला ते सांगितल्याचं आठवतही नव्हतं.

रेंज शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, दोनदा गाडी बदलून पोचलो तर पंधरावीस माणसं आधीच जमलेली, बहुतेक माझ्याहून तरुण. शिकवणारे एक निवृत्त मलय गृहस्थ होते, बारीक, ताठ, पांढऱ्या मिश्यांचे. सगळे त्यांना अंकल म्हणत होते, मीही म्हणू लागलो, जरी ते माझ्याहून फार मोठे नसतील. सकाळभर त्यांनी छर्रा भरूच दिला नाही. पाय कुठे, कोपर कुठे, गाल दस्त्याला कसा टेकवायचा, एवढंच. मग प्रत्येकाच्या नळीच्या टोकावर त्यांनी एक नाणं ठेवलं आणि सांगितलं, आता चाप ओढा, नाणं पडता कामा नये. माझ्या शेजारची नर्स खुदकन हसली आणि तिचं नाणं टणकन पडलं. माझं पडलं नाही. अंकल थांबले. त्यांनी विचारलं, पूर्वी शिकला आहेस का? मी नाही म्हणालो. पण खरं तर त्या वेळी मी रेंजवर नव्हतोच.

मी मिरजेला आपल्या स्वयंपाकघरात आहे. तू भाकऱ्या उरकून चुलीसमोरून उठली आहेस, हात पुसून लाटणं खांद्याशी धरलं आहेस, डावा डोळा मिटला आहेस आणि समोरच्या भिंतीवरच्या खिळ्यावर नेम धरते आहेस. माझं काम एकच, लाटण्याच्या टोकावर चिंचोका ठेवायचा आणि तो पडला की ओरडायचं. गावात स्वयंसेवक बायकांचं खाकी पथक निघालं तेव्हा आपल्या गल्लीतून तू एकटीच गेलीस. रविवारी सकाळी पोलिसांच्या मैदानावर कवायत, महिन्या-दोन महिन्यांनी गोळीबाराचा सराव, बाकी गणपतीत, जत्रेत, निवडणुकीत बंदोबस्त. अण्णांना बायकोच्या अंगावर ती पँट आवडायची नाही. ते काही बोलत नसत, फक्त त्या दिवशी पेपर तोंडासमोरून खाली घेत नसत. तू वेणीचा अंबाडा घट्ट बांधून निघून जायचीस. मला तू सांगायचीस, श्वास पुरा घ्यायचा, अर्धा सोडायचा आणि तिथेच थांबायचं, उरलेला अर्धा गोळी गेल्यावर. तू थांबायचीस आणि मीही तुझ्याबरोबर श्वास धरून थांबायचो. चिंचोका जागचा हलत नसे.

दुपारी प्रत्येकाला पाच छर्रे मिळाले. माझे पाचही काळ्या वर्तुळात लागले, त्याचं मला लहान मुलासारखं कौतुक वाटलं, आणि ते दाखवायला जवळ कोणी नव्हतं म्हणून मी तो कागद घडी करून खिशात ठेवला. चहानंतर अंकलनी खुर्च्या गोल मांडायला लावल्या. शिबिराच्या माहितीत याचा उल्लेख होता, पण मी तो वाचून सोडून दिला होता. ते म्हणाले, "बंदूक तुम्हाला इथे आणायला. शेजाऱ्यांवर भाषण आहे म्हटलं असतं तर कोण आलं असतं?" लोक हसले. मग ते म्हणाले की नेमबाजाला एकच गोष्ट यावी लागते, समोर काय आहे ते नीट बघणं. आणि ते प्रत्येकाला विचारू लागले, तुमच्या डावी-उजवीकडे कोण राहतं? नर्सला दोन्हीकडची माणसं नावानिशी माहीत होती, कोणाला मधुमेह आहे हेसुद्धा. एका मुलाने निदान कुत्र्याचं नाव सांगितलं. माझी पाळी आली. मी म्हणालो, डावीकडे जिना आहे, उजवीकडे एक म्हातारा चिनी गृहस्थ राहतात, त्यांचा टीव्ही ऐकू येतो. नाव? माहीत नाही. किती वर्षं राहतोस? मी सांगितलं, आणि कोणी हसलं नाही याचंच मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रेंज, आणि दुपारी प्रत्येकाने सांगायचं की आपल्या ब्लॉकसाठी काय करणार. कोणी प्रथमोपचार शिकणार होतं, कोणी खालच्या मजल्यावर म्हाताऱ्यांना फोन वापरायला शिकवणार होतं. मला काही सुचेना. इथे मला मत नाही, तिकडे भारतात माझं नाव मतदारयादीतून कधी गेलं ते मला माहीत नाही, म्हणजे मी कुठलाच नाही, असं काहीतरी मी बोललो. अंकल म्हणाले, मताचं कोणी विचारलं नाही, आणि इथे का आलास तेवढं सांग. तेव्हा मी तुझ्याबद्दल बोललो. इंग्रजीत तू वेगळीच वाटत होतीस, जरा उंच. मी त्यांना निवडणुकीचा तो दिवस सांगितला.

तुझी ड्यूटी आमच्याच शाळेच्या फाटकावर आहे. मी तुझा डबा घेऊन आलो आहे. मतदारांची रांग फाटकापासून पिंपळापर्यंत गेली आहे आणि मी ऐटीत रांग सोडून सरळ तुझ्याकडे येतो, कारण फाटकावर माझी आई आहे. तू माझ्याकडे बघतेस आणि म्हणतेस, "इथे मी कोणाची आई नाही. रांगेत उभा राहा." मी डबा घेऊन मतदारांच्या रांगेत उभा राहतो. पुढचेमागचे हसतात. माझे कान तापले आहेत. तेवढ्यात सायकलच्या कॅरियरवर बसवून कोणीतरी एका म्हातारीला आणतं, पायांच्या अगदी काड्या झालेली, आणि फाटकाच्या आत सायकल न्यायची नाही. तू काठी भिंतीला टेकवतेस, तिला लेकरासारखी उचलतेस आणि आत घेऊन जातेस. बाहेर आणतानाही तूच आणतेस. मग माझा नंबर येतो तेव्हा तू डबा घेतेस आणि मोठ्या माणसाला म्हणावं तसं म्हणतेस, आभारी आहे.

नर्सने विचारलं, तिने कधी कोणावर गोळी झाडली का? मी म्हणालो, नाही, तिने ती म्हातारी उचलली. अंकलनी मान हलवली आणि पुढच्याला विचारलं. त्यांनी मला काय करणार ते पुन्हा विचारलंच नाही.

घरी आलो, आंघोळ केली, आणि अंगातलं बळ उतरायच्या आत उजवीकडची बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दार साखळीपुरतं उघडलं. बनियनमधले ते गृहस्थ म्हणाले, टीव्हीचा आवाज मोठा आहे का? मी म्हटलं नाही, मी शेजारी राहतो, ओळख करून घ्यायला आलो.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "सकाळी तुला खोकला येतो. आधी तुमच्याकडून वास यायचा, तेलात काहीतरी तडतडायचं. चांगला वास. आता येत नाही."

इतकी वर्षं मी भिंतीपलीकडचा टीव्ही ऐकत होतो आणि ते माझ्या घरातली फोडणी थांबलेली ऐकत होते. त्यांनी साखळी काढली. घरात एकच खुर्ची होती, ती त्यांनी मला दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसले. बायको कुठे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भारतात गेली आहे, पुढच्या महिन्यात येईल. ते म्हणाले, ओके लाह, आली की सांग.

आज पुन्हा रविवार. सकाळी आम्ही दोघं हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, कॉफी प्यायला गेलो. त्यांना हळू चालावं लागतं, मीही हळू चाललो. त्यांनी मला टोस्ट अर्ध्या उकडलेल्या अंड्यात बुडवून खायला लावला आणि मी खाल्ला, तुला सांगतो, वाईट नव्हता. उठताना त्यांनी विचारलं, पुढच्या महिन्यात नक्की कधी? मी म्हटलं, तिकीट अजून काढायचं आहे.

ती येणार नाही, आई. तसं ती कधी म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. पण उन्हाळ्यात तिने फोनवर शिवणयंत्र पाठवून द्यायला सांगितलं. मी ते फोममध्ये बांधून, तेलाची बाटली वेगळी काढून, कार्गोने पाठवलं. पोचल्यावर तिने कळवलं की सुई मोडली नाही. लेकीला कळलं असावं, पण आम्ही त्यावर बोलत नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, पत्ता नाही. लिहून झालं की 'ती येणार नाही' हे वाक्य मी एकदा मोठ्याने म्हणून बघणार होतो. भिंतीपलीकडचा टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं, म्हणून हळूच म्हटलं.