चारही कडवी, उभ्या उभ्या

३ जानेवारी
आलं परिपत्रक! सरकारी शाळांच्या प्रत्येक सामन्याआधी राज्यगीत. चारही कडवी, ताठ उभं राहून. शंभर मीटरची शर्यत चौदा सेकंदांत संपते, गीत सहा मिनिटं चालतं. खेळाची शिक्षिका मी, पण मैदान आता गाण्याच्या बाईंचं. हेडसर म्हणाले, "वरून आलंय, बाई." वरून काय काय येतं — कावळ्यांची घाणसुद्धा!

५ जानेवारी
तालीम झाली. धावण्याची नव्हे, गाण्याची. पहिलं कडवं जोरात, दुसरं अंदाजपंचे, तिसऱ्यात सगळी शाळा नुसती आ वासून. गाण्याच्या बाईंनाही पुढचं येत नाही. त्या डोळे मिटून घेतात. लोकांना वाटतं, काय ही भक्ती!

९ जानेवारी
पहिले सामने. मुली घाम येईपर्यंत तयारी करून आल्या, मग सहा मिनिटं खांबासारख्या उभ्या. पाय गारठले. पहिल्याच शर्यतीत एकीच्या पोटरीत गोळा. तपासणीचे साहेब छत्रीखाली खुर्चीत बसून — हो, बसून! — रकाने भरत होते : 'ओठ हलले : होय / नाही'.
घरी सांगितलं तर नवरा म्हणतो, "पोहण्याच्या शर्यतीला काय, पाण्याखाली गाणार?" हसून हसून पोट दुखलं.

१० जानेवारी
हसू जिरलं. आमच्या शाळेपुढे लाल खूण. एक मुलगी गायली नाही. साहेबांना चेहरा आठवतो, नाव नाही. नाव कळवा, ती वर्षभर बाद. नाही कळवलं तर अख्खा संघ बाद.
कोण ते मला ठाऊक आहे. आमची हरिणी. आठवीतली. चारशे मीटरला दहावीची मुलंही तिच्यामागे धापा टाकतात.
हेडसरांना म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."
"मग आता द्या. संघात बारा मुली आहेत, बाई."

११ जानेवारी
तिला बोलावलं. "का गं नाही म्हटलंस गीत?"
ती गोंधळली. "बाई, तुम्हीच सांगितलंत ना, शर्यतीआधी श्वास वाया घालवायचा नाही? मी नाकाने मोजून घेत होते."
"जा वर्गात," म्हटलं.
नाव लिहिणार नाही. करा काय करायचं ते!

१२ जानेवारी
लिहिलं.

१३ जानेवारी
अकरा जणींचा सराव घेतला. 'बाईंचा तरी काय दोष,' असं कुणीच म्हणालं नाही. मीच वाट पाहत होते.

३० जानेवारी
नवं परिपत्रक. 'गीत ऐच्छिक.' एका ओळीत!
शाळा सुटताच तिच्या घरी गेले. आईने खुर्ची दिली, पाणी दिलं. "ती नाही येणार, बाई. बूट शेजारच्या मुलीला देऊन टाकले तिने." मग जवळ सरून हळूच म्हणाली, "तुम्ही तिच्यासाठी किती भांडला असाल! नाव कुणी दिलं, कळलं का हो?"