हिच्या परीक्षेचा मास्तर

३ तारीख, सोमवार, सकाळी
वीस तारखेला हिच्या लॅबमध्ये इंग्रजीची लेखी परीक्षा. पास झाली तर काउंटरवरून रिपोर्टच्या टेबलावर जाईल, नाहीतर हिच्या हाताखालची पोरगी जाईल. सारखे वाटणारे शब्द हिला हमखास चकवतात. पेशन्स-पेशंट्स, ॲक्सेप्ट-एक्सेप्ट. काळजी नाही. एकोणीस वर्षं ऑफिसातलं एकही पत्र माझ्या लाल सहीशिवाय बाहेर गेलेलं नाही. रोज एक तास शिकवणार.

४, मंगळवार
शिकवणी झाली. बारा मिनिटं. 'अफेक्ट'च्या जागी हिने 'इफेक्ट' लिहिलं. मी जरा हसलो. शिकवताना वातावरण हलकं ठेवावं लागतं. हिला एकदम गॅसवरचं दूध आठवलं.

६, गुरुवार
ही म्हणे दुपारी खालच्या औषधवाल्याकडे शिकायला जाते. ज्याच्या पाटीवर एक अक्षर जास्त आहे, त्याच्याकडे. मला काही वाटलं नाही. जेवलो नाही, ते पोट बरं नव्हतं म्हणून.

८, शनिवार, दुपारी ३
खोकल्याचं औषध आणायला गेलो. शटर अर्धं खाली. आत दोघं खो-खो हसत होती. 'डाय' शब्दावरून. एक डाय म्हणजे रंग, दुसरा म्हणजे मरण. यात हसण्यासारखं काय आहे? माझ्यासमोर ही कधी अशी हसत नाही. हिने विचारलं, खोकला कुणाला? खोकून दाखवलं.

११, मंगळवार
मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही जळताय. मी, आणि त्या गोळ्या मोजणाऱ्यावर? तिला म्हटलं, अभ्यास कर. मग ऑफिसात बसून शब्दांच्या चाळीस जोड्या टाइप केल्या. अर्थांसकट. लॅमिनेशन केलं. आता बघू कोण खाली जातं ते.

१३, गुरुवार
तक्ता फ्रिजवर लावला. हिला फार आवडला. औषधवाल्याला दाखवते म्हणून काढून खाली घेऊन गेली.

२०, गुरुवार
परीक्षा. खास रजा काढून फाटकापर्यंत सोडायला गेलो. लकी म्हणून माझं पेन पुढे केलं. पेपरात लाल शाई चालत नाही म्हणाली. औषधवाल्याने निळं दिलं होतं.

२४, सोमवार, संध्याकाळी
पास. लॅबमध्ये पहिली. आधी खाली सांगून मग वर आली.
शेवटी विचारलंच, घरात मी असताना त्याच्याकडे का? ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, त्यांनाही येत नाही हो. दोघंही चुकतो, मग डिक्शनरी उघडून बघतो. तुमच्यासमोर मी एकटीच चुकते.
मी टॉवेल घेतला आणि घडी घालत बसलो.

२५, मंगळवार
वर्षभराने पुढची परीक्षा, त्यामुळे खालची शिकवणी चालूच राहणार. दिवसभर मनाची तयारी केली. मग हिला म्हटलं, शनिवारी मीही येऊन बसू का? शिकवायला नाही, नुसता.
त्यांना विचारून सांगते म्हणाली.