सातवी नळी

३ तारीख, सोमवार

गेल्या महिन्यात एका सकाळी भांडी घासून झाली होती, पाणी भरलं होतं, अंथरुणं उन्हात टाकून मी चहाला बसले आणि सवयीनं दोन कप गाळले. त्या सकाळीच ठरवलं, भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा काम धरावं. आज कामाचा पहिला दिवस, आणि छान गेला. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा विभाग. काचेच्या सहा पेट्या भरलेल्या, सातवी रिकामी. बाळं केवढी, तर ओंजळीत मावतील. सिस्टर रक्ताचे चार थेंब नळीत घेतात, मी त्या नळ्या बर्फाच्या डब्यातून जिन्याखालच्या प्रयोगशाळेत नेते. बाळांना अजून नावं नाहीत, म्हणून चिठ्ठीवर आईचं नाव आणि पेटीचा आकडा. रक्त तपासणाऱ्यांना सगळे चष्मेवाले म्हणतात. ते म्हणाले, मावशी, तुम्ही पडलात तरी चालेल, चिठ्ठी पडता कामा नये.

५, बुधवार

एवढंसं रक्त काय सांगतं, असं डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी न कंटाळता समजावलं. जंतू शिरले तरी या बाळांना ताप यायचीसुद्धा ताकद नसते. पण रक्तातले काही पदार्थ आधीच वाढतात. यंत्राचा आकडा दहाच्या वर गेला, की बाळ कितीही गुलाबी दिसो, लगेच औषध.

माझं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं तेव्हा असं यंत्र नव्हतं. सव्वीस वर्षं झाली. हे म्हणायचे, कुणाला कळणार होतं? आता कळतं. हेच नाहीत ऐकायला.

तिसऱ्या पेटीतल्या मुलीची आई अगदी पोरसवदा. पेटीच्या भोकातून बोट घालून बसते, मुलगी ते धरते. म्हणाली, मावशी, आजीवर गेलीय हो, धरलेलं सोडतच नाही.

६, गुरुवार

सहा नळ्या नेल्या, डब्यातून सात निघाल्या. सातवी बर्फात असूनही कोमट. चिठ्ठीवर माझं नाव, खाली पेटी एक. चष्मेवाले हसले, मावशी, या वयात? तरी यंत्रात घातली. आकडा चौदा. बाकी सगळ्यांचे चांगले. दुपारी पहिल्या पेटीतलं बाळ निळं पडलं. कसंबसं वाचलं.

७, शुक्रवार

पुन्हा सातवी. माझं नाव, पेटी पाच. आकडा तीस. चष्मेवाले आज हसले नाहीत, नळी फेकून दिली. संध्याकाळी पाचव्या पेटीतलं बाळ गेलं. त्याचा स्वतःचा आकडा सकाळी तीन होता.

८, शनिवार

माझं नाव. पेटी तीन.

डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तिचा आकडा वाढल्याशिवाय औषध देता येत नाही, तुम्ही दोन दिवस घरी आराम करा. तिची आई, ती पोरगी, आत गुणगुणत होती. मी जिन्यात बसले. दोन्ही चिठ्ठ्या नखानं सोडवल्या. कोमट नळीवर पोरीची, तिच्या मुलीच्या नळीवर माझी.

पोरीच्या नावावर आकडा एकशे दहा. दहा मिनिटांत औषध सुरू.

९, रविवार

मुलगी जगली. पण — तिच्या पायातल्या पट्टीवर माझं नाव आहे. सिस्टर म्हणतात, पहिल्यापासून तेच. पोरगी तिच्याकडे बघतसुद्धा नाही. रिकाम्या सातव्या पेटीपाशी बसलीय. आत बोट घालून.

"मावशी, ही बोट का धरत नाही?"

मीही अशीच बसले होते, सव्वीस वर्षांपूर्वी —

मुलीनं माझं बोट धरलं. घट्ट. मी सोडवलं नाही. घरी नेली तर कुणी अडवणार नाही — नाव माझंच —

१०, सोमवार

आजही कामावर गेले. शनिवारच्या दोन्ही नळ्या प्रयोगशाळेच्या फडताळात होत्या. चिठ्ठ्या सोडवल्या, जिची तिच्यावर चिकटवली. माझी, माझ्या नळीवर. कोमट होती. थोडा वेळ हातात धरली.

हे जिन्यात बसून लिहितेय. वर दोन बाळं रडताहेत, एक तिसऱ्या पेटीकडून, एक रिकाम्या सातवीकडून — आता एकच. कुठलं, ते बघायला मी