सोमचाईच्या राजाला एक टेबल

सोहार, ओमान, शुक्रवार, ऑक्टोबर २०१६

आज चुकलोच. सोमचाई, आमच्या कामगार कॅम्पमधला थाई वेल्डर. त्याचे राजे काल वारले. सकाळी त्यांचा फोटो घेऊन आला आणि मेसमधलं कोपऱ्यातलं टेबल एक दिवस मागितलं, फुलं वाहायला. मी कॅम्प बॉस, नाही म्हणालो. वर शहाणपणा केला, "तुमच्या राजाला अधिकार तरी काय होते? सरकार सांगेल तिथे सही!"

तो रागावला नाही. मोडक्या हिंदीत म्हणाला, "साहेब, राजा बौद्धच हवा असा आमचा कायदा आहे. पण त्याने सगळे धर्म सांभाळायचे, हेही त्यातच लिहिलंय."

मी म्हटलं, खलास, मला मीटिंग आहे. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, कसली मीटिंग! एकाला दिलं की उद्या सगळेच मागतील, ही भीती. मग गेल्या महिन्यात त्याच टेबलावर पाच दिवस आमचा गणपती बसला, तेव्हा मी कुणाला विचारलं होतं? आणि मखर? सुट्टी घालवून, भंगारातल्या सळया जोडून सोमचाईनेच केलं होतं ते.

संध्याकाळी त्याच्या खोलीत डोकावलो. फोटो त्याच्या पलंगावर, उशीला टेकवलेला. तो खाली फरशीवर. राजाच्या बरोबरीने झोपायचं नसतं म्हणे, म्हणून अंथरूणही खालीच.

"टेबल घे" म्हणायला गेलो होतो. "जेवलास का?" एवढंच विचारून परत आलो.

त्याच्या राजाला अधिकार नव्हते म्हणे. मला होता की, एका टेबलापुरता.